लाकूड पाण्यात का ठेवतात

लग्न जुळवायचं असलं की मुलीचा फोटो मुलाकडे जातो, ही आपल्याकडची रीत. माझ्या वेळी उलटं झालं. माझा फोटो कुणी मागितलाच नाही. आमच्याच घरी एका खाकी पाकिटातून सात फोटो आले. त्या सातांत मिळून एक हत्ती होता, एक होडी होती, खांबांवर उभं केलेलं एक लाकडी घर होतं, कोंबड्या होत्या, आडवी पडलेली झाडं तर मोजता येणार नाहीत इतकी होती, आणि नवरदेव होता तो जेमतेम अर्धा. अर्धा म्हणजे मानेपासून खाली. वरच्या भागावर टोपीची सावली पडली होती.

"याले नाक आहे का नाई, कसं समजावं?" आई म्हणाली.

"आहे नं वहिनी, चांगलं सरळ नाक आहे," फोटो घेऊन आलेली त्याची आत्या म्हणाली. "माह्यासारखं."

आम्ही सगळ्यांनी आत्याबाईंच्या नाकाकडे पाहिलं आणि आईने पुढचा फोटो उचलला.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या काही वर्षांतली, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बाबांचा संत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता. कारखाना हा शब्द आमचा. बघणाऱ्याला टिनाचं एक छप्पर, सालईच्या लाकडाच्या फळ्यांच्या थप्प्या, खिळे ठोकत बसलेली तीन माणसं आणि त्यांच्यावर ओरडणारे बाबा एवढंच दिसायचं. माझ्याकडे छाप मारण्याचं काम होतं. पत्र्यात कापलेली अक्षरं पेटीवर धरायची आणि काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, की व्यापाऱ्याचं नाव उठायचं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी इंग्रजीत दोनदा नापास झाले होते, पण माझी इंग्रजी अक्षरं मालगाडीतून थेट दिल्लीपर्यंत जात होती. हे मी घरात पुष्कळदा ऐकवत असे. कुणी हसत नसे.

त्याआधी मला बघायला चार स्थळं येऊन गेली होती. एका मुलाच्या आईने माझे हात हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि हळूच आईला विचारलं, "पोरीले काही रोग तर नाई?" तो रंग आहे, घासलेटनं जातो, हे सांगेपर्यंत मंडळी बसस्टँडवर पोचली होती. उरलेल्या तिघांना मी जास्त बोलते असं वाटलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

आत्याबाई जवळच्याच रामाकोना गावच्या. संत्र्याच्या तोडणीला बायांची टोळी घेऊन यायच्या, म्हणून बाबांच्या ओळखीच्या, आणि सौसरच्या विहारात पौर्णिमेला भेटायच्या, म्हणून आईच्या. त्यांचा मोठा भाऊ फार वर्षांपूर्वी पलटणीतून सुटल्यावर अंदमानला गेला, तिथे जंगलातल्या लाकडाच्या कामावर लागला आणि तिथलाच झाला. तो आता राहिला नव्हता. त्याचा मुलगा तिथल्याच लाकडाच्या डेपोत ओंडके मोजायचा आणि त्यांच्यावर रंगाने नंबर टाकायचा. मी पेट्यांवर छाप मारते आणि तो ओंडक्यांवर, एवढ्यावरच मला ते स्थळ निम्मं पसंत पडलं होतं. पण माझं मत कुणी विचारत नव्हतं.

फोटो बहुतेक जुने, त्याच्या वडिलांच्या काळातले, कडा पिवळ्या पडलेले. तिकडे फोटो काढणारा कधीतरी जहाजातून यायचा, म्हणे, आणि तो मोठ्या साहेबाचे फोटो काढून झाल्यावर उरलेल्या रिळात बाकीच्यांना बसवायचा. स्वतःचा म्हणून मुलाकडे एकच फोटो होता, तो टोपीचा. तर त्याने असेल नसेल ते सगळं पाठवून दिलं आणि प्रत्येकाच्या मागे दोन दोन ओळी लिहिल्या.

हत्ती साखळीने ओंडका ओढत होता आणि त्याच्या बाजूला उघड्या अंगाची सहा माणसं कमरेवर हात ठेवून उभी होती, जणू ओढत तीच होती. मागे लिहिलं होतं: "ह्याची ड्यूटी सकाळी सहा ते अकरा. अकरानंतर साहेब आला तरी उठत नाही." खांबांवरच्या घरामागे: "खाली कोंबड्या, वर आम्ही. पाऊस फार झाला की सगळे वर."

माझ्या मनात मात्र तिसराच फोटो बसला. एका भल्यामोठ्या आडव्या झाडावर सात-आठ बाया ओळीने बसल्या होत्या. जेवणाची सुट्टी असावी, मांडीवर डबे होते. झाड एवढं जाड की कुणाचेच पाय जमिनीला टेकत नव्हते. मागे नारळाची झाडं आणि त्यामागे पांढरं काहीतरी, म्हणजे समुद्र. त्यातली एक बाई मान मागे टाकून हसत होती. अशी हसत होती की तिच्या हातातला डबा कलला होता. मागे लिहिलं होतं: "डावीकडून तिसरी माझी आई. काय जोक झाला होता ते तिला आता आठवत नाही. मी पुष्कळदा विचारलं."

कामावर बसून कुणी बाई इतकं हसलेली मी आमच्या कारखान्यात कधी पाहिली नव्हती. मी धरून.

सगळं सुरळीत चाललं होतं. आत्याबाईंनी चहा घेतला, चिवडा घेतला. आई काळ्या पाण्याचं नाव काढून एकदा डोळे पुसून मोकळी झाली. बाबा चष्मा लावून एकेक फोटो बघत होते, मागचं मोठ्याने वाचत होते. हत्तीच्या ड्यूटीवर तर चक्क हसले. आणि मग सहावा फोटो हातात आला.

खाडीच्या पाण्यात शेकडो ओंडके पडले होते. एक माणूस हातात लांब बांबू घेऊन त्यांच्यावरून, रस्त्यावरून चालावं तसा चालला होता. बाबांनी फोटो उलटा केला आणि वाचलं: "लाकूड इथे पाण्यात ठेवतात. का, ते तुमच्या बाबांना माहीत असेलच. आत्या सांगते, त्यांची सारी उमर लाकडात गेली."

बाबा वाचायचे थांबले. फोटो पुन्हा सुलटा केला. जवळ धरला, लांब धरला.

"पाण्यात?" ते म्हणाले.

इथे बाबांबद्दल सांगायला पाहिजे. तरुणपणी त्यांनी एकदा घाईत ओल्या फळ्यांच्या पेट्या ठोकून दिल्या होत्या. पेट्या दिल्लीला उघडल्या तेव्हा आतल्या संत्र्यांवर हिरवी लव आली होती. व्यापाऱ्याने भर बाजारात, सगळ्यांसमोर, "तुह्या पेटीनं माल मारला" असं म्हटलं. तेव्हापासून बाबा प्रत्येक फळी गालाला लावून बघायचे. गाल गार लागला की फळी बाजूला. हजारो फळ्या लावून लावून त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा खरखरीत झाला होता, असं आई म्हणायची. ओल या शब्दाचीच त्यांना चीड होती. पावसाळ्यात ते माणसांनासुद्धा पाय पुसल्याशिवाय कारखान्यात येऊ देत नसत.

"सोन्यासारखं लाकूड," बाबा म्हणाले, "अन् पाण्यात टाकून राहिले. खाऱ्या पाण्यात! बाई, तुमचा भाचा लाकूड मोजते का बुडवते?"

"मले त्यातलं काई समजत नाई, भाऊ," आत्याबाई म्हणाल्या. "पण तुमाले माहीत असन असं त्यानं लिवलं आहे नं?"

तेच तर झालं होतं. बाबांना माहीत नव्हतं. आणि हे त्यांच्याशिवाय फक्त मला कळलं, कारण खोटं बोलायची वेळ आली की ते चष्मा पुसतात. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ज्याले लाकूड ठेवता येत नाई, त्याच्या घरी मी पोरगी ठेवत नसतो."

आत्याबाई उठल्या. रागावल्या नाहीत. तोडणीच्या टोळ्या सांभाळलेली बाई, अशा-तशाने रागावणार नव्हती. "जूनमध्ये येते तो, महिन्याभराच्या सुट्टीवर," त्या म्हणाल्या. "तिकडं पाण्यापावसात जंगलाचं काम बंद राहते. बोरगावले एक पोरगी आहे माह्या नजरेत. पण तवर इचार करा. अन् फोटो राहू द्या, मी कुठं घेऊन फिरू? तो आला की घेऊन जाऊ."

फोटो राहिले, आणि इथेच बाबांची चूक झाली. पाकीट त्यांनी कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची.

पुढचे पंधरा दिवस मी त्या फोटोंचा जितका अभ्यास केला तितका इंग्रजीचा केला असता तर आज कुठे असते. मी त्याला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. मुलीनं आधी लिहायचं नसतं हे एक कारण. दुसरं असं की पत्र जहाजाने जाणार, जहाजाने येणार, आणि उत्तरात त्याने खरंच "आमच्याकडे चुकतं बुवा" असं लिहिलं तर? रात्रंदिवस मला एकच भीती होती: बाबा बरोबर असतील तर. बाबा लाकडाच्या बाबतीत कधी चुकलेले मी पाहिले नव्हते.

एक दिवस दुपारी ठोकणारे जेवायला गेले तेव्हा मी विषय काढला.

"बाबा, ते लोकं इतकी वर्षं हेच काम करून राहिले. नासलं असतं तर केलं असतं का?"

"सरकारी काम आहे ते," बाबा म्हणाले. "सरकारचं काय नासत नाई?"

"तुम्ही कधी ठेवून पाहिलं का पाण्यात?"

"मी इस्तवात हात घालून पण नाई पाहिला."

"मग मी ठेवून पाहते. एक ओंडका. आपल्याच लाकडाचा."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. मी का भांडते आहे हे त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. "ठेव. तुह्याच हातानं ठेव. तो आला की चिरू. सडला असन तर रामाकोन्याले जाऊन नाई म्हणून तूच सांगायचं."

"अन् नाई सडला तर?"

बाबांनी हातोडी उचलली आणि एक खिळा चांगला पाच-सहा वेळा जास्तच ठोकला. मी तो होकार धरला.

होळी झाली त्या आठवड्यात सालईचा एक ताजा ओंडका आला. मी त्याचे दोन तुकडे करायला लावले. एक आमच्या नेहमीच्या जागी, कारखान्यासमोर उन्हात. दुसरा मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात. हे टाकं आमच्या घरची धुणीभांडी चालवायचं. टाक्यात ओंडका घातला आणि पहिला धडा मिळाला: लाकूड तरंगतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आपण बुडवायला निघालो की ते विसरायला होतं. अर्धा ओंडका पाण्याबाहेर, उन्हात, माझ्याकडे बघत राहिला. मी वर विटा ठेवल्या, त्या घसरल्या. पाटीत दगड भरून ठेवले, पाटी कलंडली. शेवटी आईचा चटणी वाटायचा पाटा उचलून आणला. तो मात्र बसला.

"लग्न तुहं अन् पाटा माहा?" आई म्हणाली.

"जूनपर्यंत फक्त."

"जूनपर्यंत मी काय कागदावर चटणी वाटू?"

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी खलबत्त्यातली भरड चटणी झाली आणि ती खाताना सगळे माझ्याकडे बघत. पांढुर्ण्यात उन्हाळ्यात नळ दोन-तीन दिवसांनी यायचा. टाकं ओंडक्याने अडवलेलं, म्हणून धुण्याला पाणी मला बादलीने लांबून आणावं लागायचं. त्यात टाक्यातलं पाणी आधी चहासारखं झालं, मग काढ्यासारखं, आणि वैशाखात त्याला असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का, माय?"

उन्हातल्या ओंडक्याचं मात्र छान चाललं होतं. कोरडा, हलका, पांढरा. एका दुपारी तो मोठ्याने कट्कन वाजला. टोकाला भेग गेली. बाबा जागेवरून न हलता म्हणाले, "फुटतेच थे. लाकूड आहे." दुसऱ्या आठवड्यात त्याच्याखाली पिठासारखा भुसा दिसला. बाबा म्हणाले, "कीड लागतेच. लाकूड आहे." दर उन्हाळ्यात आमचे ओंडके असेच टोकाला फुटायचे, पोखरायचे, आणि तेवढा भाग चुलीत जायचा. पाऊस पडावा आणि ऊन पडावं तसं ते आम्ही धरूनच चालत होतो.

मी ते पाहत होते, पण मला धीर येत नव्हता. कारण टाक्यातला ओंडका दिवसेंदिवस भयंकर होत होता. साल सुटून लोंबत होती, अंगावर हिरवा बुळबुळीत थर. अंगठा दाबला तर आत रुतल्यासारखा वाटायचा. मे महिन्याच्या मध्यावर मी मनातून हरले. आत्याबाईंना काय सांगायचं ते पाठ करायला लागले. सौसरहून रामाकोन्याला जाणारी छोट्या लाईनची गाडी इतकी हळू जाते की तेवढ्या वेळात भाषण दोनदा म्हणून होईल, असाही हिशेब केला. "आत्याबाई, आमच्या घरचे जुन्या विचाराचे आहेत," इथून सुरुवात होती. पुढे मला नेहमी रडू यायचं, म्हणून पुढचं पाठ झालंच नाही.

अशात एका सकाळी मला पाटा उलटा दिसला.

आईच्या पाट्याची एक बाजू टाचलेली, खरखरीत, दुसरी गुळगुळीत. चांगली बाजू खराब होऊ नये म्हणून मी टाचलेली बाजू वर ठेवायचे. त्या दिवशी ती खाली होती. आणि पाणी, जे रोज बोटभर कमी व्हायचं, ते काठोकाठ होतं. मला वाटलं आईने पाटा काढून बघितला असेल. आईला विचारलं तर म्हणाली, "मी त्या गटाराजवळ पाय ठेवत नाई."

दुसऱ्या दिवशी मी उजाडता उजाडता मागच्या दारात येऊन उभी राहिले. सायकलला दोन बाजूंना पाण्याचे दोन डबे लटकलेले. बाबांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. त्यांनी पाटा उचलून खाली ठेवला, ओंडका पाण्यात हळूच फिरवला, जशी आई तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना कूस बदलवते तसा. हिरवा थर तळहाताने पुसला. मग इकडे तिकडे पाहिलं. आणि माझे बाबा, जे ओल्या चपलेच्या माणसाला कारखान्यात येऊ देत नसत, त्या घाणेरड्या ओंडक्यावर वाकले आणि उजवा गाल टेकवून डोळे मिटून थांबले.

मी पाय न वाजवता आत गेले. त्यांनी काय ऐकलं, त्यांना काय कळलं, मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून भाषण पाठ करणं बंद केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आत्याबाई आल्या. मागे तो. डोक्यावर तीच टोपी. "फोटो न्यायले आलो," आत्याबाई दारातूनच म्हणाल्या. खरं तर फोटो न्यायला भाच्याला इस्त्रीचा शर्ट घालून आणायची काही गरज नव्हती.

आईने आधी पाणी दिलं आणि मग सरळ म्हणाली, "बापू, टोपी काढून बसा नं, घर आहे."

त्याने टोपी काढली. आईने पाहिलं, मान हलवली आणि माझ्याजवळून आत जाताना पुटपुटली, "नाक आहे."

मी पोह्यांची ताटली घेऊन येते आहे तोवर बाबा उभे राहिले. "बसायचं मग. आधी एक काम आहे," ते त्याला म्हणाले. "चला माह्यासंग." दोघांनी मिळून दोन्ही ओंडके हातगाडीवर चढवले. टाक्यातल्यातून पाणी गळत होतं आणि पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टवर हिरवे डाग पडत होते. तरी ओला ओंडका त्यानेच पुढून धरला. ओंडके चिरायची आरामशीन आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मागोमाग आत्याबाई निघाल्या, आई निघाली, आणि पोहे हातात घेऊन मीही. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगीच वरातीच्या मागे धावते आहे असं दृश्य पांढुर्ण्याने त्याआधी पाहिलं नसेल.

"काय मेलं आहे यात?" आरामशीनवाल्या मिस्त्रीने नाकाला गमछा लावत विचारलं.

"माही इज्जत आहे," बाबा म्हणाले. "पहिले कोरडा चीर."

कोरडा चिरला. टोकापासून वीतभर भेग आत गेली होती. तिसरी फळी करवतीच्या पट्ट्यावरून उतरता उतरताच दोन झाली. सगळीकडे किडीची बारीक छिद्रं आणि मधून निळसर डाग. दर वर्षी दिसायचं तेच होतं. पण त्या दिवशी बाबांनी ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं.

मग ओला. वरची फळी काळी-हिरवी निघाली. मिस्त्रीने ती बाजूला फेकली आणि पुन्हा पट्टा लावला. दुसरी फळी उतरली ती सोललेल्या केळ्यासारखी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. छिद्र नाही, भेग नाही. तिसरीही तशीच. चौथीही.

बाबांनी एक फळी उचलून गालाला लावली.

"ओली आहे," बाबा म्हणाले. फळी उलटी करून दुसरी बाजू लावली. "पण साबूत आहे. उभी करून वाळवली तर चांगली पेटी होईन हिची." त्यांनी फळी त्याच्या हातात दिली. त्यानेही ती सहज गालाला लावली. कुणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालेलं मला स्पष्ट दिसलं.

मग त्यांनी ते विचारलं, जे माझ्या आठवणीत त्यांनी लाकडाबद्दल कधीच कुणाला विचारलं नव्हतं. चष्मा पुसला नाही. "पाण्यात ठेवल्यानं काऊन टिकते, बापू? मले माहीत नव्हतं. तुम्ही लिहिलं होतं मले माहीत असन म्हून. खरं सांगतो, नव्हतं."

तो गोंधळला. आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या फळीकडे पाहिलं.

"मलापण नाही माहीत," तो म्हणाला. "बाबा ठेवत होते, म्हणून आम्ही ठेवतो. फुटत नाही, कीड लागत नाही, इतकं दिसते. पण काऊन, ते साहेबाला विचारायची हिंमत नाही झाली कधी. आत्याने सांगितलं, तुम्ही लाकडातले जाणकार. म्हटलं, त्यांना तर माहीत असेलच. तुम्ही पत्रात सांगाल, असं वाटलं होतं."

बाबा एवढ्या मोठ्याने हसले की मिस्त्रीने मशीन बंद केली. हसता हसता ते भुशाच्या ढिगावर बसले, तोही शेजारी बसला, आणि दोघं त्या फळ्यांवर वाकून बोलायला लागले. हवा आत जात नसेल. किडीले श्वास मिळत नसन. बाहेरून लवकर अन् आतून हळू वाळते म्हून फुटत असन, पाण्यात वाळतच नाई. पडौक म्हणून लाल लाकूड असतं तिकडे, ते असं आणि गर्जन नावाचं दुसरं, ते तसं. मला बघायला आलेला माणूस अर्धा तास लाकूड बघत होता.

शेवटी मीच पुढे होऊन पोह्यांची ताटली धरली. त्याने वर पाहिलं. पहिल्यांदा माझ्याकडे नाही, ताटलीच्या काठावरच्या माझ्या बोटांकडे. नखांतला काळा रंग मी सकाळी तीनदा घासला होता.

"घासलेटनं जातो," मी घाईने म्हणाले. होणाऱ्या नवऱ्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

त्याने आपला हात उलटा करून दाखवला. नखांच्या कडेला लाल रंग होता, नंबर टाकायचा. "माझा टर्पेंटाईननं पण नाही जात," तो म्हणाला आणि मान मागे टाकून हसला. ते हसू मी आधी फोटोत पाहिलेलं होतं, डावीकडून तिसरं.

"भाऊ, मंग बोरगाववाल्यांले काय सांगू?" आत्याबाईंनी विचारलं.

"सांगा, पाण्यात गेलं म्हणून," बाबा म्हणाले.

त्याच सुट्टीत विहारात लग्न झालं. आईने पाटा टाकीने नव्याने टाचून घेतला, चिंच लावून घासला, आणि तरी पुढची चार-पाच वर्षं "चटणीले सालईचा वास येते" असं म्हणत राहिली. मी मद्रासहून जहाजात बसले, पहिला अख्खा दिवस उलट्या केल्या, आणि खांबांवरच्या घरात कोंबड्यांच्या वर राहायला गेले. सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात तो जोक विचारला. त्यांना खरंच आठवत नव्हता. पण मी विचारलं म्हणून त्या पुन्हा तशाच हसल्या.

वर्षभराने पांढुर्ण्याहून एक पाकीट आलं. आत एकच फोटो. बाबांनी फोटोवाल्याला भर उन्हात कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेत नेलं असावं. जुना, वापरात नसलेला पाण्याचा मोठा हौद, त्यात ओंडके पसरलेले, आणि काठावर बाबा, हातात लांब बांबू घेऊन, अगदी ताठ. टोपी घातली होती, त्यामुळे चेहरा अर्धाच दिसत होता. मागे त्यांचं ठसठशीत अक्षर: "लाकूड इथे पाण्यात ठेवतो. का, ते जावईबापूंना माहीत असेलच."

जावईबापू दोन दिवस तो फोटो खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी हातात घेतली आणि मोठ्या साहेबाला विचारायला गेले.